पडदा क्रमांक सात

सोमवार, १ तारीख

डॉक्टरांनी आज रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे सत्तर सांगितला आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा ओरडता?" मी म्हटलं, मी ओरडत नाही, स्पष्ट बोलतो. शेजारच्या खुर्चीत बसलेली बायको खोकली. तिला खोकला नाहीये.

डॉक्टर म्हणाले, "राग आला की वहीत लिहा. कुणी वाचणार नाही अशी वही. मनाला येईल ते लिहा, पण आवाज नको." म्हणून ही वही. खरी नावं घालणार नाही, टोपणनावं पुरेत.

माझं काम पडदे करण्याचं. ओळखीचे लोक लगेच विचारतात, दोन खिडक्यांचे किती होतील. माझे पडदे पॉलिमरचे असतात, केसापेक्षा पातळ, आणि त्यांचं काम वायू गाळण्याचं. सांडपाण्याच्या प्रकल्पातून जो वायू निघतो त्यात मिथेन असतो, तो जळतो आणि कामाला येतो. बाकी असतो कार्बन डायऑक्साइड, जो काही करत नाही, नुसती जागा अडवतो. आमच्या संचालकबाईंसारखा. त्या दर वाक्यानंतर घड्याळ बघतात, म्हणून त्या घड्याळबाई.

तर पडद्याने कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि मिथेन अडवायचा. २९ तारखेला परीक्षण आहे. मिथेनच्या वीसपट कार्बन डायऑक्साइड सोडणारा पडदा दाखवला तर प्रयोगशाळेची खोली आमची. नाही तर ती शेजारच्या रंग विभागाला, म्हणजे रंगरावांना, आणि खोलीबरोबर पंपकाकाही त्यांच्याकडे. पंपकाका गेली सव्वीस वर्षं आमचे व्हॅक्यूम पंप सांभाळतात. त्यांना दमा आहे. निवृत्तीला नऊ महिने उरलेत, आणि थिनरचा वास आला की त्यांचं वाक्य अर्ध्यावर अडकतं. घड्याळबाईंना हे सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं.

आज सातवा पडदा ओतला. नवीन पॉलिमर आहे, पिवळाधमक.

बुधवार, ३ तारीख

काल सासरे आले. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, धंदा सुतारकाम, निवृत्त. निवृत्त माणूस स्वतःच्या घरातली फळी बसवायला शिडीवर चढला आणि पडला. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, तेही गुडघ्यात वाकवून घातलेलं. दिवाणखान्यातला सोफा आता त्यांचा. मी ही वही सोफ्याजवळच्या वर्तमानपत्रांच्या कप्प्यात ठेवतो. तिथे कोण बघतंय?

सातवा पडदा काचेवरून सोलला. काय देखणा निघाला! एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही. अर्धा कापून यंत्रात लावला. अकरापट. वीस हवे होते. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत "अपुरा, फेकला" लिहून सही ठोकली. उरलेला अर्धा मात्र फेकवेना. या वहीत खूण म्हणून घातलाय. निदान कुठेतरी उपयोगी पडेल.

गुरुवार, ४ तारीख

सकाळी सहाला रेडिओ. संपूर्ण आवाजात. त्यावर अप्पांचं गुणगुणणं, रेडिओवर बातम्या चालू असताना! वर्तमानपत्र माझ्याआधी त्यांच्या हातात, आणि परत मिळतं तेव्हा वापरलेल्या रुमालासारखं. शब्दकोडं सोडवलेलं. चुकीचं.

बायकोला काही बोलायची सोय नाही, तिचे वडील आहेत. त्यांना तर विचारताच येत नाही. म्हणून इथे विचारतो, मोठ्या अक्षरात: हे कधी जाणार?

लिहून खरंच बरं वाटलं. डॉक्टर हुशार आहेत.

शनिवार, ६ तारीख

आज सकाळी रेडिओ इतका हळू होता की मलाच उठून वाढवावा लागला. वर्तमानपत्र टेबलावर घडी न मोडलेलं. शब्दकोडं कोरं. अप्पांचं कमी ऐकू येणं सुधारलं असावं आणि दिसणं बिघडलं असावं. वयाचं काही सांगता येत नाही.

ही वही मात्र अगदीच हलक्या प्रतीची निघाली. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी काळं, जाडसर उमटलंय, आणि शेजारी आकडा. पानांचे क्रमांक म्हणावेत तर पहिल्या पानावर ३, दुसऱ्यावर ४, तिसऱ्यावर ५. छापखान्यात माणसं झोपेत काम करतात काय? दुकानदाराला झाडणार होतो, पण डॉक्टर आठवले.

मंगळवार, ९ तारीख

आज सोफ्याने मला पॉलिमर समजावला. गंमत नाही.

गेल्या सुट्टीत बायकोची भाचरं आली होती. सहा जण त्याच सोफ्यावर एकमेकांना चिकटून, हातपाय दुमडून बसली होती. मधून टाचणी गेली नसती. लवचीक साखळ्यांचा पॉलिमर असाच. साखळ्या दुमडतात, खेटून बसतात, वायूला वाट उरत नाही. आमचा जुना पडदा तसाच होता, निवड उत्तम करायचा, पण एक फुगा भरायला अठरा तास. आणि आता अप्पा. एकच माणूस, पण पाय वाकत नाही आणि सरळही होत नाही. त्यांच्या बाजूला कुणाला नीट बसता येत नाही, म्हणून सगळीकडे फटी. त्या फटींतून मांजर जातं, चष्मा जातो, परवा माझी एक चप्पल गेली. नवीन पॉलिमर असा आहे. त्याची साखळी ताठ आणि जागोजागी वाकडी. खेटून बसणं तिच्या नशिबात नाही. त्यामुळे वायू भराभरा जातो. भानगड एवढीच, की फटी मोठ्या, म्हणून सडपातळ कार्बन डायऑक्साइडच्या मागोमाग अंगाने भरलेला मिथेनही घुसतो.

हे मी उत्साहात अप्पांना सांगून बसलो, त्यांचीच उपमा वगळून. त्यांनी शांतपणे विचारलं, "पडदा सोलल्यावर किती दिवस ठेवता?"

"लगेच तपासतो. फार तर दोन दिवस. मग फेकतो."

"ओलं लाकूड दाराला लावलं की दार महिन्यात चौकटीशी भांडतं, जावईबापू. मुरू द्यावं लागतं."

मी समजावलं की आमच्या क्षेत्रात उलट आहे. पडदा जुना झाला की साखळ्या हळूहळू बसतात, फटी आवळतात, वायू कमी जातो. त्याला म्हातारपण म्हणतात आणि तो रोग आहे. म्हणूनच भिंतीवर माझ्या हाताने लाल अक्षरात लिहिलंय: ४८ तासांवरचा पडदा कचऱ्यात.

"बरं," अप्पा म्हणाले. त्यांचं "बरं" मला आवडलं नाही.

सोमवार, १५ तारीख

आठवा दहापट, नववा अकरा, दहावा फाटला, अकरावा नऊ.

रंगराव मोजपट्टी घेऊन आले. "नुसतं बघतोय," म्हणाले आणि माझ्या टेबलाच्या जागी त्यांचं रंग ढवळण्याचं यंत्र मावतंय का ते बघितलं. मावतंय. या माणसाने आयुष्यभर रंग वाळताना बघण्याचा पगार घेतला आणि त्याचं अर्धं डोकंही वाळलं. हे त्यांना तोंडावर म्हणालो नाही. लिफ्टमध्ये एकटा असताना म्हणालो. एकदाच.

दुपारी पंपकाका जिन्यात बसलेले दिसले, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. सवय करून बघावी म्हणून रंग विभागात दहा मिनिटं उभे राहून आले होते. मला म्हणाले, "जमेल हो." मग बराच वेळ पुढचं काही बोलता येईना. मी शेजारी बसलो. मला आज राग नाही आला, भीती वाटली.

या घरात कुणी विचारत नाही की दिवस कसा गेला.

मंगळवार, १६ तारीख

घरी पाऊल टाकताच अप्पा: "या. आज कितीपट?"

मी चाट पडलो. सुतारकाम केलेल्या माणसाला "पट" कसं माहीत? बायकोने सांगितलं असणार. तसं मला बरं वाटलं. चहा घेत घेत अर्धा तास बोललो. शेवटी ते म्हणाले, "मुरू देऊन बघा." मी विषय बदलला.

सोमवार, २२ तारीख

नऊ. ओरडलो नाही. पंप बघून आलो, त्याला लाथ मारली नाही. अप्पा: "मुरू द्या." ही पाचवी वेळ.

गुरुवार, २५ तारीख

संपलं सगळं.

सोमवारी सोललेले आठ पडदे नियमाप्रमाणे काल कचऱ्यात टाकले. आज शेवटच्या पुडीतून तीन नवे ओतले आणि घाईत भट्टीचा आकडा जरा वर ठेवला. तिन्ही तडकले, खवले निघावेत तसे. पॉलिमरची बरणी उलटी करून आपटली. पूड संपली. नवीन करायला सहा आठवडे लागतात.

पंपकाकांनी खवले गोळा केले आणि एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही खूप केलंत." यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर सोसलं असतं. घड्याळबाईंना सांगायला गेलो. पडदा आणि दुधाची पिशवी यांत फरक न कळणारी ही बाई म्हणते, "मग सोमवारी काय दाखवणार?" आणि घड्याळ बघते.

रविवार, २८ तारीख

दुपारी जेवून, रंगरावांवर दोन पानं लिहायच्या बेताने वही उघडली. पिवळा पडदा घसरून अप्पांच्या प्लास्टरवर पडला. त्यांनी तो दोन बोटांत उजेडात धरला, फळीचा बाक बघतात तसा एक डोळा मिटून.

"हा किती दिवसांचा?"

"पंचवीस."

"मग हा मुरला असेल."

सहावी वेळ! माझा आवाज चढणार होता, तेवढ्यात ठरवलं, की एकदाचा आकडाच आणून यांच्यापुढे ठेवायचा आणि हा विषय कायमचा बंद करायचा. पंपकाकांना फोन केला. तेही आले, रविवार असून, डबा अर्धा टाकून. पडदा वहीतच ठेवून नेला, घडी पडू नये म्हणून.

दोन तास पंप चालवला. आधी मिथेन सोडला. सुई हलेना. मला वाटलं, नळी बंद आहे. नळी उघडी होती. मग कार्बन डायऑक्साइड. सुई निघाली. पहिल्यापेक्षा सावकाश, पण जुन्या पडद्याच्या कितीतरी पुढे. भागाकार केला. बावीस. पंपकाकांनी केला. बावीस. सगळं सोडून पुन्हा मोजलं. बावीसला थोडं वर.

फटी आवळल्या होत्या, पण बंद झाल्या नव्हत्या. सडपातळ जात होता, जाडा अडकत होता. ज्याला मी पंधरा वर्षं रोग म्हटलं, तो रोग औषध निघाला. आणि मी दर दोन दिवसांनी ते औषध कचऱ्यात घालत होतो, वर लाल अक्षरांत पाटी लावून.

मी ओरडलो. डॉक्टरांना सांगेन. पंपकाकाही ओरडले, आणि दम लागला नाही.

घरी आल्यावर अप्पांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "बरं."

सोमवार, २९ तारीख

झालं ते सगळं लिहितो.

बाहेरून आलेले परीक्षक भिंग बाळगणारे गृहस्थ होते. नळ्या, गाठी, सह्या, सगळं भिंगातून बघत होते. यंत्र त्यांच्यासमोर चालवलं. बावीस. घड्याळबाई, रंगराव, पंपकाका, सगळे उभे. परीक्षकांनी विचारलं, "पडदा किती जुना?"

"सव्वीस दिवस. तेच तर त्याचं वैशिष्ट्य."

"नोंद दाखवा."

प्रयोगशाळेची नोंदवही उघडली. तीन तारीख, पडदा क्रमांक सात: "अपुरा, फेकला." खाली माझी सही, ठसठशीत.

"म्हणजे कागदोपत्री हा पडदा अस्तित्वातच नाही," परीक्षक म्हणाले. रंगरावांच्या खिशात मोजपट्टीने हालचाल केल्याचं मी पाहिलं. मग मी पंपकाकांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

मी ही वही टेबलावर ठेवली. म्हणालो, "नोंद आहे. खासगी आहे. फक्त तीन तारीख वाचा."

पण परीक्षक पहिल्या पानापासून वाचणारे निघाले, आणि मोठ्याने. "काही करत नाही, नुसती जागा अडवतो, आमच्या संचालकबाईंसारखा." घड्याळबाईंचा हात मनगटाकडे गेला आणि हवेतच थांबला. पुढे अर्ध्या डोक्याचं वाळणं आलं. दुधाची पिशवी आली. मी छताकडे बघत होतो. छताला एक डाग आहे, हे मला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं.

वाचून झाल्यावर परीक्षक म्हणाले, "मजकूर रंगतदार आहे. पण ही वही तुम्ही कालच्या काल बसून लिहिली नाही कशावरून?"

 तेवढ्यात त्यांचं भिंग पानाच्या कोपऱ्यावर थांबलं. "ही बरोबरची खूण कुणाची? आणि हे आकडे? अक्षर तुमचं नाही. पेन्सिल चपटी दिसते, सुतारांची असते तशी."

छापखाना झोपलेला नव्हता. मी झोपलेला होतो.

घरी फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. अप्पांनी उचलला. मी विचारलं, "अप्पा, तुम्ही माझी वही वाचता?"

"वाचतो की. तुम्ही कामावर गेलात की. एक पान तपासलं की खूण आणि तारीख. फळ्यांची सवय आहे."

परीक्षकांनी फोन आपल्याकडे ओढला. "तीन तारखेला काय लिहिलंय, आठवतं?"

"मी आल्याचं लिहिलंय. आणि पिवळा पडदा वहीत खूण म्हणून ठेवला. मी रोज तो उचलून पान वाचायचो आणि तिथेच परत ठेवायचो. कडा धरून, हं. बोटाचा डाग पडू दिला नाही." मग न विचारताच पुढे: "पंधरा तारखेला ते लिफ्टमध्ये बोलले ते सांगू का? रंगरावांबद्दल?"

"नको," रंगराव म्हणाले.

"आणि साहेब, मुरू द्यायचं मी सहा वेळा सांगितलं. जावईबापूंनी पाचपर्यंत मोजून लिहिलंय, बघा. सहावी कालची."

परीक्षक हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. मग घड्याळबाई हसल्या. खोटं कशाला लिहू, त्या हसल्यावर बऱ्या दिसतात. परीक्षकांनी चपट्या पेन्सिलीची खूण असलेल्या प्रत्येक पानावर शिक्का मारला: "तपासले". खोली आमची, पुढची दोन वर्षं. वहीच्या झेरॉक्स प्रती फायलीत लागणार, सगळ्या पानांच्या. घड्याळबाईंनी पहिल्या पानाची एक प्रत स्वतःसाठी मागून घेतली.

पंपकाका स्टूल घेऊन लाल पाटीपाशी गेले, ती उतरवली, आणि स्टुलावर उभ्याउभ्याच एक अख्खं लांबलचक वाक्य बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, मी नाक शिंकरत होतो.

मंगळवार, ३० तारीख

काल शिक्के मारताना चार तारखेचं पानही उलटलं होतं. "हे कधी जाणार?" मोठ्या अक्षरात. त्याखाली परीक्षकांचा शिक्का, "तपासले". आणि कोपऱ्यात चपट्या पेन्सिलीने खूण, आकडा पाच.

म्हणजे पाच तारखेला त्यांनी ते वाचलं होतं. सहाला रेडिओ हळू झाला. वर्तमानपत्राची घडी मोडली नाही. शब्दकोडं कोरं राहिलं. मी त्याला डोळ्यांचं दुखणं म्हटलं.

संध्याकाळी सोफ्याच्या उरलेल्या फटीत बसलो. बायको समोर होती. विचारलं, "वाचलं होतंत, तर बोलला का नाहीत?"

अप्पा म्हणाले, "डॉक्टरांनी तुम्हाला लिहायला सांगितलंय हे हिने सांगितलं होतं. मी बोललो असतो तर तुम्ही लिहायचं थांबवलं असतंत. मग ओरडला असतात. माझी मुलगी राहते या घरात."

बायको खोकली नाही. उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मला शरम वाटली. इतकी, की ती लिहूनही कमी होत नाहीये. मी म्हटलं, "आणि ते चार तारखेचं?"

"त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आज डॉक्टरांचा फोन आला. सहा तारखेला प्लास्टर काढणार. सातला जातो."

 बोलायला गेलो असतो तर आवाज फुटला असता, आणि तो कुठल्या प्रकारात मोडतो हे मला डॉक्टरांना विचारावं लागलं असतं. म्हणून चार तारखेच्या प्रश्नाचं उत्तर, तितक्याच मोठ्या अक्षरात, इथेच लिहितो.

घाई नाही. प्लास्टर निघालं म्हणजे पाय बरा झाला असं नसतं. त्यालाही मुरू द्यावं लागेल. सकाळी सहाला रेडिओ नेहमीच्या आवाजात लावावा. शब्दकोडं आधी तुम्ही सोडवा, चुका मी नंतर काढेन.

अप्पा, वही नेहमीच्या कप्प्यात ठेवतोय. खाली कोपऱ्यात जागा सोडली आहे. वाचलंत की खूण करा.